दुखण्याचे इंग्रजी शब्द

सारिका,

काल तुझा फोन वाजला. तुझा भाऊ संदीप तो रोज चार्ज करून ठेवतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. आज तुझा दहावा, म्हणून मी कालच तुमच्या घरी आले होते आणि तुझ्या चुलतीबरोबर भांडी पुसत बसले होते. संदीप धावत आत आला, फोन माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, "ताई, कोणतरी बाई इंग्रजीत बोलतीया. तुमीच बोला."

तुला परदेशात नोकरी देणाऱ्या एजन्सीची बाई होती. तुझं नाव तिनं मधेच ताणून घेतलं, 'सारीऽका'. मुलाखतीची वेळ ठरवायची होती. मी म्हणाले, "शी इज नो मोअर." मग ती म्हणाली, "सॉरी, नो मोअर व्हॉट?"

तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस. आणि मग डोळे पुसत म्हणाली असतीस, "वैशे, हे आपल्या हितलं इंग्रजी हाय. तिकडं असं कुणी म्हनत न्हाय." इतकं शिकून ऐनवेळी माझ्या तोंडात तेच आलं, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचं. मग मी म्हणाले, "शी डाइड." ती बाई चांगली होती बिचारी. तिनं हळू आवाजात विचारलं, तुम्ही तिच्या बहीण का? मी हो म्हणाले. खोडून काढत बसले नाही.

आपण बहिणी नव्हतो. मैत्रिणी म्हणायलाही सुरुवातीला तू तयार नव्हतीस. गावडे सरांच्या क्लासला पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसले, तेव्हा तू पिशवी मधे ठेवलीस. तू इंदापूरच्या दवाखान्यात नर्स, मी बारामतीच्या. दोघींना परदेशात जायचं होतं आणि त्यासाठी नर्सची इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. साधं इंग्रजी दोघींनाही येत होतं. डॉक्टरांशी बोलता येत होतं, फाइल लिहिता येत होती. अडत होतं ते त्याच्या पुढं. सर म्हणायचे, "तुम्हाला शब्द भरपूर माहीत आहेत. शब्दांची सोयरीक माहीत नाही." आणि मग फळ्यावर लिहायचे: चहा स्ट्राँग असतो, पाऊस हेवी असतो. उलट केलंत तर अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याला कळतं की ही पाहुणी आहे, घरची नाही.

सोयरीक हा शब्द तुला असा लागू पडला की तू त्यावरून सगळ्यांना छळायचीस. कुणी 'डू अ मिस्टेक' म्हटलं की मागून तुझा आवाज, "मोडली सोयरीक! मेक, मेक." सरसुद्धा हसायचे. मी निंबाळकरांच्या वडगावची. आमच्या घरीही हाय-न्हायच बोलतात, पण नर्सिंगला गेल्यापासून मी ते मागं टाकलं होतं. तू नाही टाकलंस. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी वर होतं आणि मराठी निमगावच्या पानमळ्यातलं. दोन्हीच्या मधलं, ते शहरी, धुतलेलं मराठी तू कधी तोंडात घेतलंच नाहीस. मला त्याची आधी लाज वाटायची. नंतर हेवा वाटायला लागला.

क्लास सुटल्यावर तुझी इंदापूरची एसटी येईपर्यंत आपण स्टँडवर बसायचो. खरा क्लास तिथंच झाला. सरांनी सांगितलं होतं की परीक्षेत पेशंटशी बोलून दाखवावं लागतं, तेव्हा दुखण्याचे शब्द तोंडात पाहिजेत. 'पेन' म्हणून भागायचं नाही. त्यावर तू म्हणालीस, "शब्द कशाला पुस्तकात शोधायचे? रोज आपल्या कानावर पडत्यात की." मग तू इंदापूरचे शब्द आणायचीस आणि मी बारामतीचे. गळू झालेली बाई म्हणायची ठणकतंय. ते थ्रॉबिंग. कमरेतून पायात चमक गेली म्हणणारा ट्रॅक्टरवाला, ते शूटिंग. माळेगावच्या कारखान्यात हातावर वाफ आलेला माणूस चुरचुरतंय म्हणाला, त्यावर आपण दोन वेळा भांडलो, बर्निंग की स्टिंगिंग. एक म्हातारी तुला म्हणाली होती, "पोटात नुसतं कालवतंय गं." त्याला तू इंग्रजी शब्द शोधत राहिलीस. चर्निंग म्हणून बघितलंस, पण तुझं समाधान नाही झालं. "कालवन्यात हात असतो गं," म्हणालीस. "आतून कुणीतरी हात घालून फिरवल्यागत. चर्निंगमधे हात कुठं हाय?"

आणि सोसणं. या एका शब्दावरचा आपला वाद तसाच राहिला. मी म्हणायचे 'बेअर'. तू म्हणायचीस, बेअर बहुतेक वेळा नकारातच येतं, आय कान्ट बेअर इट. सोसत नाही तेव्हाचा शब्द तो, सोसतं तेव्हा काय म्हणशील? मी म्हटलं 'टॉलरेट'. तू हात झटकलास. "ते औषधाला. पेशंटनं औषध टॉलरेट केलं असं फाइलमधे लिहितो आपण." 'पुट अप विथ' मी नुसतं सुचवलं तर म्हणालीस, ते शेजारच्यांच्या लाउडस्पीकरला. तुझं मत 'एन्ड्युअर'. ते मला फार मोठं वाटायचं. लढाईतल्या माणसाचं. आपल्या बायका सोसतात ते लढाईसारखं कुठं असतं, भाकरी थापता थापता असतं. तू म्हणालीस, "मग तीच लढाई की." एवढ्यात तुझी गाडी लागली आणि तू खिडकीतून ओरडलीस, "एन्ड्युअर!" स्टँडवरची माणसं बघायला लागली.

लग्नाचं कुणी विचारलं की तू सांगायचीस, आधी फ्रेजल व्हर्ब संपू देत. लोकांना वाटायचं हा कुठला तरी कोर्स आहे.

उन्हाळ्यातली ती संध्याकाळ मला विसरायची आहे आणि ती विसरत नाही. स्टँडवर तोच आपला बाक. परीक्षेची तालीम चालली होती. मी नर्स, तू पेशंट. सरांनी दिलेल्या कार्डांवर पेशंटची माहिती असायची, ती वाचून तसं बोलायचं. मी इंग्रजीत विचारलं, कुठं दुखतंय. तू पोटाच्या वरच्या बाजूला हात ठेवलास. म्हणालीस, इथं सुरू होतं आणि पाठीत जातं. कसं दुखतं? तू म्हणालीस, डल. डल अँड बोअरिंग. कधी वाढतं? जेवल्यावर, आणि आडवं पडल्यावर. पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटतं.

मी हसले. म्हटलं, "बोअरिंग म्हणजे? कंटाळवाणं दुखतंय?"

"न्हाय गं. बोअर घेत्यात तसं. खाली खाली जात ऱ्हातं, पानी लागत न्हाय."

मला ते इतकं आवडलं की मी टाळीसाठी हात पुढं केला. तू टाळी दिली नाहीस. तेव्हा मी तुझ्या हाताकडं पाहिलं. हातात कार्ड नव्हतं. सगळी कार्डं बाकावर माझ्या बाजूला पडली होती.

"हे कुठल्या कार्डावरचं?" मी विचारलं.

"कार्डावरचं न्हाय," तू म्हणालीस. "मला मराठीत सांगायला भ्या वाटत व्हतं. म्हनलं, इंग्रजीत सांगून बघावं."

आपण दोघी नर्स. पोटातून पाठीत जाणारं, वाकल्यावर कमी होणारं दुखणं म्हणजे काय असू शकतं, हे दोघींनीही पुस्तकात वाचलेलं. दोघींपैकी कुणीच ते नाव घेतलं नाही. तुझी गाडी आली, तू उठलीस, मी तुला बसू दिलं नाही. त्या रात्री तू माझ्या घरी राहिलीस. माझ्या पोरीनं तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं, तर तू पुढं वाकून बसायचं म्हणून तिला अलगद बाजूला सरकवलंस, आणि ती रुसली.

पुण्याला आपण दोघीच गेलो. तुझ्या वडलांना, तात्यांना, तू सांगितलंस, परीक्षेचं काम आहे. तिथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं आणि तू सांगितलंस. सांगताना कुठं अडखळली नाहीस. ते डॉक्टर म्हणाले, इतकं नेमकं फार कमी पेशंट सांगतात. तुझा चेहरा एकदम उजळला, जशी सरांनी शाबासकी दिली. त्या उजेडानं मला बाहेर येऊन भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. चांगलं इंग्रजी बोलल्याचा तुला आनंद झाला होता गं, त्या खोलीत, त्या दिवशी.

रिपोर्ट स्वादुपिंडाचा आला. पसरलेला.

तू परीक्षा द्यायची थांबली नाहीस. मी म्हटलं, पुढं ढकल. तू म्हणालीस, "ढकलायला पुढं जागा पाहिजे ना." मग माझा चेहरा बघून लगेच म्हणालीस, "रडू नको, वाक्यात उपयोग सांगते. पोस्टपोन वेगळं, कॅन्सल वेगळं, विथड्रॉ वेगळं. विथड्रॉ आपन करतो. मी करनार न्हाय." पहिल्या औषधानंतर जरा अंगात बळ आलं, त्या दिवसांत तू पुण्याला जाऊन परीक्षा दिलीस. आपण दोघींनी एकाच दिवशी दिली. माझं लिखाणात राहिलं. तू पास झालीस, बोलण्यात सगळ्यात वरची श्रेणी. निकाल आला तेव्हा तू सलाईन लावून पडली होतीस. मोबाइल छातीवर ठेवून छताकडं बघत राहिलीस. मी म्हटलं, कुणाला सांगू? "तात्यांना सांग, पोरगी पास झाली," म्हणालीस. "बाकीचं सांगू नको."

बाकीचं त्यांना कळलंच, सारिका. केस गेल्यावर कळलं, खाणं सुटल्यावर कळलं. त्यांनी विचारलं नाही एवढंच.

शेवटचे दिवस तू माझ्याच दवाखान्यात होतीस, इंदापूरला नको म्हणालीस. तिथल्या बायका तुझ्या हाताखाली काम केलेल्या. त्यांनी तुझं अंग पुसावं हे तुला नको होतं. माझी ड्यूटी असो नसो, मी यायचे. आपण नर्स पेशंटला दुखण्याचा आकडा विचारतो, शून्य ते दहा. मी विचारला तर तू चिडलीस. "आकडा मागू नको. शब्द माग." मग मी शब्द मागायला लागले. पहिले काही दिवस तू इंग्रजीत द्यायचीस. आज डल हाय. आज शार्प. आज नॅगिंग, सासूवानी. डॉक्टरांनी फाइलमधे लिहिलं होतं, औषध पेशंटनं चांगलं टॉलरेट केलं. ते वाचून तू इतकी हसलीस की कळ आली, आणि कळ आल्यावरही हसत राहिलीस.

मग इंग्रजी गेलं. एका सकाळी मी विचारलं, हाउ इज इट टुडे, आणि तू माझ्याकडं नुसतं बघितलंस, जसं मी काही भलतंच बोलले. इतक्या वर्षांची मेहनत, इतके पावसाळे-उन्हाळे त्या एसटीच्या फेऱ्या, आणि ते सगळं आधी निघून गेलं. मग मी मराठीत विचारू लागले. तू सांगायचीस, ठणकतंय. आग पडलीया. एकदा म्हणालीस, "कालवतंय," आणि माझ्याकडं असं पाहिलंस की मला वाटलं, आता तू त्याचा शब्द सांगशील. तू डोळे मिटलेस.

शेवटच्या दिवशी दुपारी मी विचारलं, "सारिका, कसं दुखतंय गं?"

तू म्हणालीस, "सांगता येत न्हाय."

तुझ्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. कुठलाही शब्द असो, नसला तर तू बनवायचीस, सोयरीक जुळवायचीस, पण सांगता येत नाही असं तुझं कधी झालं नव्हतं. मी इंजेक्शन वाढवून घेतलं. ते पुरं पडलं नाही. शेवट सोपा नव्हता, आणि तो लवकरही आला नाही. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की नंतर तुझी बोटं सोडवायला मला दुसऱ्या नर्सला हाक मारावी लागली. तू 'आई गं' म्हणत होतीस. तुझी आई तू नर्सिंगला असतानाच गेली. मला वाटत राहिलं, तुझ्या हाकेला कुणी ओ द्यावी. शेवटी मीच दिली.

संदीप बाहेर होता. त्यानं तात्यांना फोनवर सांगितलं, झोपेतच गेली, शांत. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

तुझ्यामुळं मी पेशंटचं ऐकायला लागले, हे तुला सांगायचं राहून गेलं. आधी मी विचारायचे आणि उत्तर येण्याआधी बीपी मोजायला लागायचे. आता थांबते. परवा मोरगावकडची एक बाई म्हणाली, पायात मुंग्या न्हाईत, पायात वाळू हाय. मी मनात इंग्रजी शोधलं, ग्रिटी, आणि तुला सांगायला म्हणून मोबाइल काढला. नाव दिसलं. मग मोबाइल परत खिशात ठेवला. सरांनाही अजून भेटले नाही. ते फोनवर म्हणतात, परीक्षा पुन्हा दे, तुझं फक्त लिखाणच राहिलंय. मी हो म्हणते. रात्रपाळीनंतर झोप येत नाही, तेव्हा वाटतं जावं. सकाळी पोरीला शाळेत सोडताना वाटतं, जाऊ नये. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही, असं दिसतंय.

आज दहावा झाला. घाटावरचं आटोपून माणसं पांगली. मीही निघणार होते. तात्या कुठं दिसेनात म्हणून निरोप घ्यायला मळ्यात गेले. ते पानवेलींच्या मधल्या सरीत खाली बसले होते. ऊन वरून गाळून हिरवं पडलं होतं. मी जवळ जाऊन बसले. मग ते म्हणाले, "हितंच फिरायची ती. तुमच्या त्या परीक्षेचं मोठ्यानं बोलत. मला एक अक्षर कळायचं न्हाय. पर मी वेल बांधत ऐकायचो. बरं वाटायचं."

मी मान हलवली.

"तू बोलतीस का जरा?"

"काय बोलू, तात्या?"

"कायबी बोल. इंग्रजीत बोल. मला कळायची गरज न्हाय. नुसतं कानावर पडू दे."

आधी मी माझं नाव, गाव, काम सांगितलं, परीक्षेत सुरुवातीला सांगतात तसं. मग वेलींबद्दल बोलले. मग कसं कोण जाणे, मी तुझ्याबद्दल बोलायला लागले. बोलत गेले आणि थांबेना. शी डिड नॉट गो इन हर स्लीप, असं म्हणाले. सगळं सांगितलं, सारिका. इंजेक्शन पुरलं नाही ते. मनगट धरलंस ते. आईला हाक मारलीस आणि मी ओ दिली ते. जे संदीपला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही, ते तुझ्या बापाजवळ बसून सगळं सांगितलं, त्यांना कळणार नाही या भरवशावर. शब्द आपोआप येत होते, सोयरिकीसकट. तू असतीस तरी तुला एकही चूक काढता आली नसती. तात्या जमिनीकडं बघत ऐकत होते. मधेमधे "व्हय, व्हय" म्हणत होते, जशी तूच बोलत होतीस.

मी थांबले. वरून एक पिकलेलं पान गळून त्यांच्या धोतरावर पडलं. त्यांनी ते उचललं, देठाशी धरून फिरवत राहिले.

मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "शेवटाला लई दुखलं का गं तिला?"

माझ्याकडं दोन भाषा होत्या. दोन्हीत मला खोटं बोलता आलं असतं.

"व्हय तात्या," मी म्हणाले. "लई दुखलं."

त्यांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. मग हात पुढं करून माझं मनगट धरलं, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.